भूमिशुद्धि

गेल्या वर्षीं पौषांत आमच्या केनवडच्या घरीं मुंबईहून एक लखोटा आला. तो वहिनींच्या नांवाचा होता. वहिनी म्हणजे आमचे थोरले बंधु कैलासवासी दादा यांच्या पत्नी. दादा तरुणपणीं मुंबईस गेले व एका कापडगिरणीच्या रंगखात्यांत कोठीवर कारकून म्हणून लागले. १९८२ सालच्या संपांत ती नोकरी गेली. दोन वर्षें वाट पाहून दादा, वहिनी व एक पत्र्याची ट्रंक अशीं तिघें केनवडास परत आलीं, आणि पुढें अखेरपर्यंत दादांनीं आमच्या एकत्र कुटुंबाच्या शेतीचा हिशेब ठेवला. गिरणी कामगारांस वा त्यांच्या वारसांस मुंबईंत घरें देण्याची जी सोडत निघते, तींत वहिनींचा अर्ज लागला आहे, असें त्या लखोट्यांतील पत्रांत लिहिलें होतें. घर सव्वादोनशें चौरस फुटांचें. आणि तें ज्या गिरणीच्या जागेवर बांधलें होतें, ती गिरणी दादांचीच.

वहिनींनीं पत्र देवापुढें ठेवलें व त्या बराच वेळ तेथेंच बसून राहिल्या.

रात्रीं ओसरीवर सगळे जमलों. घराची किंमत मुंबईच्या बाजारभावाच्या मानानें नाममात्र होती. परंतु शेतीवर चालणाऱ्या कुटुंबास नाममात्र म्हणून कांहीं नसतें. ओढ्याकांठची दोन एकर काळी विकल्यावांचून ती रक्कम उभी राहण्यासारखी नव्हती. ही जमीन आमच्या आजोबांनीं घेतलेली. पूर्वीं तींत कापूस होई, आतां सोयाबीन होतें. आमचा थोरला मुलगा ती कसतो. तो कांहींच बोलला नाहीं, आणि त्याचें न बोलणें हेंच त्याचें उत्तर आहे हें सर्वांस कळलें. आमचा धाकटा मुंबईस नोकरीस आहे. तो कल्याणास भाड्यानें राहतो. त्याची मुलगी तेव्हां नुकती रांगूं लागली होती. वहिनींसोबत त्यानें त्या घरांत राहावें, असा एकंदर विचार दिसत होता. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "जाऊबाईंनीं चाळींत दहा वर्षें काढलीं. त्यांचें घर त्यांना मिळालेंच पाहिजे." आमचेंही मत तसेंच होतें.

इतक्यांत बापूनें एक प्रश्न केला. बापू हा दादांचा धाकटा. तो पुण्यास असतो; जमीन व पाणी दूषित झालें आहे कीं नाहीं हें तपासणें हाच त्याचा व्यवसाय. तो म्हणाला, "काका, ही इमारत गिरणीच्या कोणत्या खात्यावर उभी आहे?"

आम्हांस हा प्रश्न त्या वेळीं चमत्कारिक वाटला. घर घेतांना दिशा पाहतात, पाण्याची सोय पाहतात, शेजार पाहतात. पाडून टाकलेल्या गिरणीचें खातें कोण पाहतो? परंतु बापू लहानपणापासून फुकट बोलणारा नव्हे, म्हणून आम्हीं त्याला सविस्तर सांगावयास लाविलें. आणि त्या रात्रीं सुरू झालेलें तें शिक्षण पुढें जवळजवळ वर्षभर चाललें. पस्तीस वर्षें शिकविण्याचें काम केलेल्या मनुष्यास साठीनंतर शिष्य होण्यांत जो आनंद असतो, तो आम्हीं पुरेपूर भोगला, हें येथें कबूल केलें पाहिजे.

ज्या वाचकांचा मुंबईच्या गिरणगांवाशीं संबंध आला नसेल, त्यांच्याकरितां थोडा पूर्वेतिहास. १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं मुंबईची पहिली कापडगिरणी स्थापन केली व दोन वर्षांनीं ती चालू झाली. पुढें परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागांत गिरण्यांच्या चिमण्यांचें अरण्य उभें राहिलें. १८ जानेवारी १९८२ रोजीं संप सुरू झाला. त्यांत सुमारें अडीच लाख कामगार होते. तो संप रीतसर मागें असा घेतला गेलाच नाहीं. कांहीं गिरण्या कशाबशा पुन्हा चालल्या, पुष्कळ बंद पडल्या, आणि ज्या वस्तीस भोंग्यावर जाग येई ती वस्ती हळूहळू ओस पडली. दुकानें मिटलीं, खानावळी मिटल्या, मुलें रिकामीं फिरूं लागलीं. मग जमिनीचा प्रश्न निघाला. १९९१ च्या नियमानें गिरणीच्या जागेचे तीन भाग ठरले: एक मोकळ्या जागेकरितां महानगरपालिकेस, एक घरांकरितां म्हाडास व एक मालकास. २००१ सालीं त्यांत असा बदल झाला कीं, ही वांटणी सबंध जागेची नव्हे, तर फक्त मोकळ्या असलेल्या जागेची करावयाची. त्यावर दावे झाले, आणि मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो बदल कायम केला. वांट्यांचा हा वाद पंधरा वर्षें वृत्तपत्रांत गाजला. कोणास किती, हें सर्वांनीं विचारलें. त्या जमिनीच्या पोटांत काय आहे, ही चर्चा मात्र त्या काळीं आमच्या तरी वाचनांत आली नाहीं.

आमच्या विदर्भांतही हेंच थोड्या प्रमाणांत झालें आहे. नागपूरची एम्प्रेस गिरणी १८७७ सालची. आज तिच्या जागेवर दुकानें व उंच घरें आहेत.

बापूनें सांगितलें तें असें. कापड विणण्यानें जमीन फारशी बिघडत नाहीं. बिघडते ती विणल्यानंतरच्या संस्कारांनीं. कापड धुवावयाचें, विरंजक चुन्यानें पांढरें करावयाचें, रंगवावयाचें, छापावयाचें. त्याकरितां कॉस्टिक सोडा, क्लोरीन, गंधकाचे रंग विरघळविण्यास लागणारें सोडियम सल्फाइड, रंग पक्का करण्यास लागणारे क्रोमचे क्षार, असा माल पिंपांतून येई. पिंपें गळत. फरशीला भेगा असत. शिवाय बॉयलरची राख. दगडी कोळसा शंभर वर्षें जाळला म्हणजे राखेचे डोंगर होतात, आणि त्या काळीं ती राख दूर कोण नेणार? अंगणांतील खड्डे तिनेंच बुजवीत. कोळशांत अल्पस्वल्प सोमल व इतर धातु असतात; जळून कोळसा नाहींसा होतो, धातु राखेंत उरतात. वाफेच्या नळांवर ॲस्बेस्टॉसचें वेष्टन, लांकडावर व लोखंडावर शिशाचा रंग, विजेच्या रोहित्रांतील तेल, भट्टीच्या तेलाच्या टांक्या, हीं निराळींच. गिरणी पाडली म्हणजे भिंती जातात. हें सारें तेथेंच राहतें.

"म्हणून," बापू म्हणाला, "गिरमिट हातांत घेण्यापूर्वीं जुने कागद पाहावे लागतात. आणि कागदांपेक्षां जुनीं माणसें."

यावर वहिनी उठल्या व आंत गेल्या. ती पत्र्याची ट्रंक अजून माळ्यावर होती. तींतून त्यांनीं दादांची एक वही आणून बापूपुढें ठेवली. दादा कोठीवर असतांना कोणता माल कोठें ठेवला आहे याची स्वतःच्या सोयीकरितां एक टांचणवही ठेवीत. संप झाला त्या दिवशीं ती त्यांच्या पिशवींत राहिली होती. तींत त्यांनीं आपल्या बारीक मोडी वळणाच्या अक्षरांत कोठीचा नकाशाच काढला होता: उत्तरेस सोडा, भिंतीलगत क्रोमचीं पिंपें, पलीकडे तेलाची टांकी, नाल्याजवळ "फुटक्या मालाची जागा". बापूनें ती वही दोन्ही हातांनीं धरली. वडिलांचें अक्षर पाहून त्याचा गळा दाटला कीं त्या नकाशाचें महत्त्व पाहून, हें आम्हीं विचारलें नाहीं.

आम्ही संस्कृताचे विद्यार्थी. त्यामुळें हें सर्व ऐकतांना वराहमिहिराची आठवण झाल्यावांचून राहिली नाहीं. बृहत्संहितेंतील वास्तुविद्येच्या अध्यायांत जमिनीची परीक्षा सांगितली आहे. हातभर खड्डा खणावा व निघालेल्या मातीनेंच तो पुन्हा भरावा. माती कमी पडली तर जागा वाईट, पुरली तर मध्यम, उरली तर उत्तम. किंवा तो पाण्यानें भरावा, शंभर पावलें जाऊन परत यावें व पाणी किती ओसरलें तें पाहावें. मातीचा रंग, वास व रुचि पाहावी असेंही तेथें आहे; कोणत्या वर्णास कोणत्या रंगाची माती, हें प्रकरण आम्ही सोडून देतों. आमचें लक्ष वेधलें तें "शल्य" या शब्दानें. शल्य म्हणजे शरीरांत रुतलेला बाण किंवा कांटा. घर बांधण्यापूर्वीं जमिनींत पुरलेलें शल्य शोधून काढावें, नाहीं तर तें राहणारांस बाधतें: हाडें असतील तर रोग, लोखंड असेल तर शस्त्राचें भय, राख असेल तर अग्नीचें. मागील वहिवाटीचें उरलेलें कांहीं जमिनीच्या पोटांत राहतें व पुढच्यास तें भोगावें लागतें, ही कल्पना दीड हजार वर्षांपूर्वीं या देशांत स्पष्ट होती.

आम्हीं हें मोठ्या उत्साहानें बापूस सांगितलें. त्यानें शांतपणें विचारलें, "पण काका, शल्य कोठें आहे हें ओळखावयाचें कसें, तें काय सांगितलें आहे?"

येथें आमची पंचाईत झाली. कारण घरधन्यानें त्या वेळीं आपलें जें अंग खाजविलें असेल, वास्तुपुरुषाच्या त्या अंगाच्या ठिकाणीं शल्य आहे असें समजावें, असा तो नियम आहे. आम्हीं तो प्रामाणिकपणें सांगितला, आणि ओसरीवर जो हशा पिकला त्यांत वहिनीही सामील झाल्या. दादा गेल्यापासून त्यांना इतकें हंसतांना आम्हीं पाहिलें नव्हतें.

तरीही भूमिशुद्धीचे जे प्रकार स्मृतींत दिले आहेत ते बापूनें कागदावर उतरून घेतले. मनूनें पांच सांगितले आहेत: झाडणें, सारवणें, शिंपणें, खरवडणें आणि गाई बसविणें. याज्ञवल्क्यानें त्यांत जाळणें व काळ हे घातले. बापू म्हणाला कीं, आजच्या त्याच्या धंद्यांत याहून फारसें निराळें नाहीं. वरची माती खरवडून नेतात, पाण्यानें धुतात, भट्टींत तापवून तेलकट विषें उडवून लावतात, न हलविण्यासारखी असेल तर वर जाड थर देऊन झांकतात, कांहीं विषें जंतूंच्या स्वाधीन करतात, आणि कांहीं नुसतीं काळावर सोडतात, मात्र दर वर्षीं मोजून. अमेरिकेंत सिॲटल गांवीं दगडी कोळशापासून धुराचा गॅस करण्याचा कारखाना होता. त्याची डांबरानें माखलेली जमीन फेंकून न देतां तींत सांडपाण्याचा गाळ व लांकडाचा भुसा मिसळून ती नांगरली, म्हणजे जंतूंनीं तेल खावें. १९७५ सालीं तेथें सार्वजनिक बाग झाली. पुढें १९८४ सालीं तपासणीकरितां ती कांहीं काळ बंद ठेवावी लागली, हेंही बापूनें सांगितलें. काम एकदां करून संपत नाहीं. लंडनला २०१२ च्या ऑलिंपिक खेळांकरितां जुन्या कारखान्यांची जी जमीन घेतली, तेथें माती धुण्याचीं यंत्रें बसविलीं होतीं व त्यांना लोक मातीचीं इस्पितळें म्हणत. आम्हांस हा शब्द फार आवडला.

परंतु या साम्यानें आम्ही फुशारून जावें असें नाहीं. स्मृतिकारांची शुद्धि ही विटाळाची शुद्धि आहे. गोमयानें शिसें जात नाहीं. आणि नाकास किंवा जिभेस तें कळतही नाहीं. शिशाचे क्षार चवीस गोड असतात, हेंच त्यांचें कपट. मुलांच्या रक्तांत तें गेलें म्हणजे बुद्धि मंद होते, आणि एकदां मंद झालेली बुद्धि पुन्हा तल्लख होत नाहीं.

याच सुमारास बापूनें आम्हांस लव्ह कॅनॉलची हकीकत सांगितली. नायगरा धबधब्याजवळ एका गृहस्थानें १८९० नंतरच्या दशकांत कालवा खणावयास घेतला व अर्धवट सोडला. १९४२ पासून एका रासायनिक कारखान्यानें त्यांत आपली घाण पुरली, वर माती टाकली, आणि १९५३ सालीं ती जागा एक डॉलर घेऊन तेथील शिक्षणमंडळास दिली. मंडळानें तेथें शाळा बांधली. भोंवतीं घरें झालीं. पंचवीस वर्षांनीं पिंपें वर येऊं लागलीं, तळघरांतून काळें पाणी पाझरूं लागलें, आणि १९७८ सालीं शाळा बंद करून कुटुंबें हलवावीं लागलीं. त्यानंतर दोन वर्षांनीं अमेरिकेंत अशा जागांकरितां निराळा कायदा झाला. आपल्याकडे तसे नियम होण्यास जुलै २०२५ उजाडावा लागला. त्यांत जिल्हा प्रशासनानें दर सहा महिन्यांनीं संशयित जागांची यादी करावी, नव्वद दिवसांत प्राथमिक तपास व्हावा, पुढें सविस्तर पाहणी व्हावी, आणि ज्यानें घाण केली त्याच्याकडून खर्च घ्यावा, असें आहे.

शाळा हा शब्द ऐकून आम्हांस त्या रात्रीं झोंप लागली नाहीं. तें कारण सांगितलें पाहिजे, जरी तें सांगणें सुखाचें नाहीं.

पैनगंगेच्या बाजूच्या एका गांवीं आम्ही शिक्षक होतों. शाळेलगत एक पडकें गोदाम होतें. पूर्वीं तेथें कपाशीवर मारावयाची बीएचसी पावडर व इतर औषधें ठेवीत. छप्पर गेलें, पोतीं कुजलीं, आणि ती जागा शाळेला मिळाली. आम्हांस केवढा आनंद झाला! मुलांकडून दगड वेंचविले, वाफे केले, मेथी, वांगीं, पालक लाविला. प्रत्येक मुलास एक वाफा. एका कोपऱ्यांतील वाफ्यांत कांहीं केल्या उगवेना. तो वाफा ज्याचा होता त्या मुलास आम्हीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "गुरुजी, मातीला वास येतो." आम्हांस वाटलें, पाणी घालण्याचा कंटाळा. आम्हीं त्याला दोन छड्या मारल्या व उन्हांत पुन्हा तोच वाफा खणावयास लाविला. त्यानें तो हातानें खणला. बाकीच्या वाफ्यांची भाजी मुलांनीं घरीं नेली, आम्हींही नेली.

बीएचसी आपल्या देशांत १९९७ सालीं बंद झाली. ती जमिनींत वर्षानुवर्षें राहते. त्या मुलास पुढें कांहीं झालें असें नाहीं. तो आज चांगला शेतकरी आहे. परंतु त्या दिवशीं त्याचें म्हणणें खरें होतें व आमचें खोटें, आणि त्याला तें सांगण्याचें आमच्याकडून राहून गेलें होतें. या पावसाळ्यांत आम्ही मुद्दाम त्या गांवीं गेलों. जागेवर आतां मुलें खेळतात. पावसानंतर त्या कोपऱ्याला अजून वास येतो; एवढीं वर्षें आमचें नाकच शिकलें नव्हतें. आम्हीं त्या शिष्यास गांठून त्याच्यापाशीं चूक कबूल केली. तो संकोचून म्हणाला, "गुरुजी, मला आठवत नाहीं." आठवत असावें. ग्रामपंचायतीस आम्हीं लेखी अर्ज दिला, माती तपासणीस धाडली आणि निकाल येईपर्यंत त्या कोपऱ्याला बाभळीच्या कांट्यांचें कुंपण घालून घेतलें. हें लिहीत असतांना निकाल आलेला नाहीं.

मुंबईस आम्ही, वहिनी व बापू फाल्गुनांत गेलों. इमारत उंच व स्वच्छ होती. पायथ्याशीं लहानशी बाग, घसरगुंडी, झोपाळे. वहिनी तेथें उभ्या राहून दिशा लावूं लागल्या. चिमणी पाडलेली, भोंग्याची इमारत पाडलेली. खुणेस कांहीं उरलें नव्हतें. बाजूच्या चाळींत राहणारे दादांच्या खात्यांतले एक वृद्ध मुकादम भेटले. दादांची वही त्यांच्या हातांत दिली, तेव्हां त्यांनीं चष्मा पुसून ती उलटसुलट केली व काठीनें जमिनीवर रेघ ओढली. "इथून नाला जायचा. लाल रंग असेल त्या दिवशीं नाला लाल, निळा असेल त्या दिवशीं निळा." त्यांची काठी जेथें थांबली, तेथें दादांच्या नकाशांतली "फुटक्या मालाची जागा" येत होती, आणि तेथेंच बागेचा पूर्वेकडील कोपरा होता.

घरें घेतलेल्या मंडळींच्या संमतीनें बापूनें गिरमिटानें माती काढली. वीतभर खोलीवरची, हातभर खोलीवरची, पुरुषभर खोलीवरची. वरचा थर विकतच्या तांबड्या मातीचा. त्याखालीं विटांचे तुकडे, काळी राख, कांचा. आणि त्याखालीं मुरूम. ज्यांना ही गोष्ट पहिल्यानेंच पाहावयास मिळते त्यांना तिचें नवल वाटतें: सबंध गिरणगांवाचा इतिहास तीन थरांत उभा कापलेला दिसत होता. प्रत्येक थराच्या पिशव्या निराळ्या बांधून त्यानें त्यांवर खुणा केल्या व त्या प्रयोगशाळेंत दिल्या.

निकाल महिन्याभरानें आला. पूर्वेच्या कोपऱ्यांतील राखेच्या थरांत शिसें व क्रोम बागेच्या मातींत असावें त्याहून पुष्कळ अधिक; इतरत्र मामुली. क्रोम हें बहुतेक त्रिमूल्य निघालें. याची षण्मूल्य जात अति घातक. कानपुराजवळ राणिया येथें तिनें विहिरींचें पाणी पिवळें केलें आहे. ती येथें नव्हती, एवढें समाधान. कूपनलिकेच्या पाण्यांत दोष आढळला नाहीं.

"मग घर घ्यावें कीं घेऊं नये?" आम्हीं सरळ विचारलें.

बापू म्हणाला, "काका, विंचू असला एवढ्यानें दंश होत नाहीं. विंचू पाहिजे, बाहेर यावयास फट पाहिजे, आणि अनवाणी पाय पाहिजे. तिन्ही जमलीं तरच." अकराव्या मजल्यावर बसलेल्या वहिनींना खालच्या राखेची बाधा होण्याची वाट नाहीं. वाट आहे ती बागेंत: वरची तांबडी माती पावसानें वाहून गेली कीं राख उघडी पडणार, आणि रांगतें मूल तेथें हात घालून तो तोंडांत घालणार. अनवाणी पाय कोणाचा, हें त्यानें सांगितलें नाहीं. आमच्या डोळ्यांपुढें नात आली.

रहिवाशांची सभा जिन्याखालीं भरली. ती सभा आम्ही विसरणार नाहीं. एक जण म्हणाला, ही गोष्ट बाहेर फुटली तर घराला पुढें कोण विचारील? दुसरे एक गृहस्थ उठून म्हणाले, "चाळीस वर्षें आम्हीं याच गिरणीचा धूर खाल्ला, हिच्याच रंगांत हात बुडविले. तेव्हां कोणी विचारलें नाहीं. आतां माती तपासतां?" त्यांच्या हाताचीं बोटें आम्हांस दिसत होतीं. त्यांना उत्तर देण्याचें धाडस बापूसही झालें नाहीं. शेवटीं एका बाईंनीं विचारलें, खर्च किती? तेथून सभा वळणावर आली. विषारी माती खणून काढली तर ती कोठेंही टाकून भागत नाहीं; ती तळोज्यास, जेथें अशा मालाची सोय आहे तेथें, न्यावी लागते, व तो खर्च त्या मंडळींना पेलणारा नव्हता. घाण करणारी गिरणी तर उरलीच नव्हती. ही बाब एका कचेरीस लेखी कळविली, पोंच मिळाली. तोंवर मंडळींनीं वर्गणी काढून त्या कोपऱ्यावर जाड कापडी थर, त्यावर मुरूम, त्यावर फरसबंदी करावी, आणि घसरगुंडी पश्चिमेस हलवावी, असें ठरलें. म्हणजे स्मृतिकारांच्या भाषेंत सारवण. शल्य आंतच राहिलें. आमच्या मतें ही शुद्धि नव्हे. परंतु दारिद्र्यांत जें करतां येतें तें करावें, आणि फरशी फुटली कीं पुन्हा पाहावें, या बापूच्या म्हणण्यास आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. दर वर्षीं जूनपूर्वीं फरशी तपासावयाची, असा ठराव मात्र आम्हीं हट्टानें लिहून घेतला. लिहिलेलें राहतें, दादांची वही राहिली तशी.

केनवडास परत आल्यावर पुन्हा ओसरीवर बसलों. या खेपेस वहिनी आधीं बोलल्या. "भाऊजी, दोन एकर विकूं नका. त्यांनीं त्या गिरणीच्या दारांत दोन वर्षें वाट पाहिली, म्हणून मला तेथें राहावयाचें आहे. पण त्यांना शेतही तितकेंच प्रिय होतें." त्यांनीं आपल्या पाटल्या काढून दिल्या. बापूनें कांहीं घातलें, धाकट्यानें कर्ज काढलें, आणि एक एकर विकली गेली. विकली ती ओढ्यापलीकडची, विहिरीकडची राहिली. थोरल्यानें खरेदीखतावर सही केली व तो तसाच शेतावर निघून गेला.

वहिनी आतां मुंबईस असतात. नात चालूं लागली आहे व पश्चिमेकडच्या घसरगुंडीवरच खेळते. पूर्वेच्या कोपऱ्याकडे वळली कीं वहिनी वरून हांक मारतात. मध्यंतरीं त्यांनीं निरोप धाडला कीं, खिडकींतल्या तुळशीकरितां केनवडची काळी माती पाठवा, येथल्या मातीवर माझें मन बसत नाहीं. आम्हीं दोन गोण्या भरून रात्रीच्या गाडीवर घातल्या. गाडीवाल्यानें मातीचें भाडें मागितलें तेव्हां जरा हुज्जत झाली.

बापू त्या दिवशीं मुंबईसच होता. त्यानें संवयीनें त्या गोणींतील मूठभर मातीही तपासणीस दिली. निकाल त्यानें फोनवर सांगितला: शिसें नाहीं, क्रोम नाहीं, मात्र जुन्या फवारणीच्या औषधाचा अंश आहे. थोडा आहे, तुळशीला चालेल. आम्ही हें ओसरीवर सर्वांस सांगत होतों. थोरला जेवून हात धूत होता. तो तसाच ओल्या हातानें आला आणि त्यानें विचारलें, "माती कोणत्या बांधावरची भरली होती?"

ती विहिरीजवळच्या बांधावरची होती.